भाडेकरू बदलला, कुलूप बदललं का?

घरफोडी म्हणजे काय, हे समजावून सांगण्यासाठी १८६० च्या भारतीय दंड संहितेत काही छोटी उदाहरणं दिली होती. त्यातलं एक असं: एकाच्या घराची किल्ली हरवते, दुसऱ्याला ती सापडते आणि तो गैरहेतूने त्या किल्लीने दार उघडून आत शिरतो. कोयंडा उचकटलेला नाही, खिडकीचे गज वाकवलेले नाहीत, दारावर ओरखडासुद्धा नाही. तरीही कायद्याच्या लेखी ती घरफोडीच. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३३० व्या कलमातही हे उदाहरण कायम आहे.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनी ओळखलेला हा धोका भाड्याच्या घराला आणखी जवळचा आहे, कारण तिथे किल्ली हरवावीही लागत नाही. ती रीतसर, विश्वासाने, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेलेली असते. जुना भाडेकरू जातो. भिंतींना रंग लागतो, गळका नळ बदलला जातो, बाथरूमच्या फरशा घासून निघतात आणि नवा भाडेकरू सामान घेऊन येतो. कुलूप मात्र तेच राहतं. माझं म्हणणं असं आहे की, दोन भाडेकरूंच्या मधल्या दिवसांत कुलूप बदलणं हा घर भाड्याने देण्याच्या कामाचाच एक भाग मानला पाहिजे. ते का, कसं आणि कोणाच्या खर्चाने करायचं, ते क्रमाने पाहू.

एका दाराच्या किती किल्ल्या?

पुण्या-मुंबईत घर बहुतेक वेळा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिलं जातं आणि त्याची मुदत बऱ्याचदा अकरा महिन्यांची असते. कोथरूड-कर्वेनगरात विद्यार्थी, वाकड-हिंजवडी-खराडीत नोकरी करणारी मुलं-मुली तिघं-चौघं मिळून एक फ्लॅट घेतात. कराराच्या मध्येच एकाची बदली बंगळुरूला होते, त्याच्या कॉटवर दुसरा येतो. कागदावर जुनीच नावं असतात. किल्ली मात्र पुढच्याच्या हातात गेलेली असते.

नव्या कुलपाबरोबर साधारण तीन-चार किल्ल्या मिळतात. एक मालक स्वतःकडे ठेवतो, बाकीच्या भाडेकरूला देतो. राहणारी माणसं चार आणि किल्ल्या दोन, म्हणून कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडून आणखी दोन करून घेतल्या जातात. स्वयंपाकाच्या मावशी सकाळी सहाला येतात, तेव्हा सगळे झोपलेले असतात, म्हणून एक त्यांच्याकडे. गावाहून आई-वडील आले आणि घरी कोणी नसलं तर पंचाईत नको, म्हणून एक शेजारच्या काकूंकडे. घर रिकामं झालं की एक एजंटाकडे जाते. एजंट ती आपल्या हाताखालच्या मुलाला देतो आणि तो आठवडाभर गिऱ्हाइकांना घर दाखवत फिरतो. रंगारी, सुतार, पेस्ट कंट्रोलवाला यांच्यासाठी तीच किल्ली वॉचमनच्या केबिनमधल्या खिळ्यावर, मीटरच्या पेटीत किंवा दारातल्या चपलांच्या कपाटात ठेवली जाते. एका भाडेकरूच्या मुदतीत इतके हात होतात. असे तीन-चार भाडेकरू होऊन गेले की या दाराच्या किल्ल्या किती आणि कोणाकोणाकडे आहेत, याचं उत्तर मालकाकडेही राहत नाही.

यातलं कोणी चोर आहे, असं मला अजिबात म्हणायचं नाही. बहुतेकांच्या घरी ती किल्ली जुन्या बिलांच्या खणात पडून राहते आणि विसरली जाते. पण घरात एखादा दागिना सापडेनासा झाला, लॅपटॉप गेला आणि दार मात्र शाबूत असलं की पहिला संशय कोणावर जातो? घरकाम करणाऱ्या बाईंवर, वॉचमनवर, आधी राहून गेलेल्या पोरांवर. त्यांना पोलीस ठाण्यात बोलावलं जातं, सोसायटीत त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. काम सुटतं, आणि निर्दोष ठरल्यावरही ते परत मिळतंच असं नाही. कुलूप बदललेलं असेल तर आधीच्या सगळ्या माणसांवरचा हा भार एका दिवसात उतरतो. नव्या भाडेकरूच्या सुरक्षिततेइतकंच हे कारणही मला महत्त्वाचं वाटतं.

परत आलेली किल्ली काय सिद्ध करते?

यावर मालकांचं नेहमीचं उत्तर असतं, “मी सगळ्या किल्ल्या मोजून परत घेतो, त्याशिवाय डिपॉझिट देत नाही.” ही शिस्त चांगलीच आहे, पण तिने प्रश्न सुटत नाही. किल्ली ही वस्तू परत करता येते. तिच्या दात्यांचा नमुना परत करता येत नाही. नक्कल करून घेतल्याची कोणतीही खूण मूळ किल्लीवर उरत नाही.

साध्या किल्लीची नक्कल काही मिनिटांत होते. चावीवाला जुळणारी कोरी किल्ली निवडतो, ती आणि मूळ किल्ली यंत्रात शेजारी-शेजारी धरतो आणि एकीच्या कडेवर टेकलेली सुई फिरते तसतशी दुसरी कापली जाते. रस्त्यावरचे कुशल कारागीर तेच काम कानशीनेही करतात. पृष्ठभागावर खळगे असलेल्या, आपण ज्यांना कॉम्प्युटर की म्हणतो त्या किल्ल्यांची नक्कलही योग्य यंत्रावर होते. काही कंपन्या कुलपाबरोबर कार्ड देतात आणि कार्ड दाखवल्याशिवाय नवी किल्ली बनवून देत नाहीत. ही व्यवस्था चांगली आहे. मात्र ते कार्ड मालकाने जपून ठेवलं तरच तिचा उपयोग.

नक्कल करायला मूळ किल्ली हातात असण्याचीही गरज नसते. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संगणकशास्त्रज्ञांनी नुसत्या छायाचित्रावरून किल्लीचे खाचे मोजून तिची नक्कल बनवता येते, हे दाखवून दिलं. एका प्रयोगात तर टेबलावर पडलेल्या किल्ल्यांचं छायाचित्र त्यांनी लांबच्या गच्चीवरून दुर्बिणीसारख्या भिंगातून टिपलं होतं. म्हणून नवं घर मिळाल्याच्या आनंदात किल्लीचा फोटो काढून स्टेटसला ठेवू नये. किल्लीवर कोरलेला क्रमांकही कोणाला पाठवू नये. काही प्रकारच्या किल्ल्या त्या क्रमांकावरूनच बनवता येतात.

चांगल्या कुलपाबद्दलचा आपला भरवसाही इथे कामाचा नाही. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज या अमेरिकी कारागिराने त्या काळची अभेद्य समजली जाणारी चब आणि ब्रामा ही दोन कुलपं किल्लीविना उघडून दाखवली. ब्रामा कुलपासाठी त्याला अनेक दिवस खपावं लागलं. कुलूप बनवणाऱ्यांची सगळी बुद्धी तेव्हापासून एकाच गोष्टीवर खर्च होत आली आहे: किल्लीविना दार उघडू नये. किल्ली असलेल्या माणसाला थांबवणं हे कुलपाचं कामच नाही. दहा हजारांचं कुलूप असो की तीनशेचं, जुन्या भाडेकरूच्या नकलेने दोन्ही सारख्याच सहजपणे उघडतात.

कुलपाच्या आत काय असतं?

कुलूप बदलायचं म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर सुतार, दाराला पाडलेली नवी भोकं आणि तीन-चार हजारांचा खर्च येतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कुलपाचा एक छोटा भागच बदलावा लागतो. तो कोणता, हे कळण्यासाठी कुलपाच्या पोटात डोकावू.

आजच्या बहुतेक फ्लॅटच्या मुख्य दारावर पिन-टंबलर जातीचं कुलूप असतं. त्याची मूळ कल्पना प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपांपर्यंत मागे जाते. अमेरिकेतल्या येल पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिला आजचं रूप दिलं. खिशात मावणारी चपटी, दातेरी किल्ली ही त्यातल्या धाकट्या लायनस येलची देणगी. आपल्याकडे १८९७ मध्ये आर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला आणि देशी बनावटीच्या कुलपांवर लोकांचा विश्वास बसू लागला.

या कुलपाच्या सिलिंडरमध्ये फिरणारा एक गाभा असतो. त्या गाभ्यात आणि बाहेरच्या कवचात आरपार जाणारी पाच-सहा भोकं एका ओळीत असतात. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि त्यांना दाबून धरणारी एक स्प्रिंग. खालच्या पिना कमी-जास्त लांबीच्या असतात. किल्ली नसताना वरच्या पिना अर्ध्या कवचात आणि अर्ध्या गाभ्यात अडकून बसतात, म्हणून गाभा फिरत नाही. योग्य किल्ली आत गेली की तिचा प्रत्येक खाचा आपापल्या पिनेला नेमका हवा तेवढाच उचलतो. सगळ्या जोड्यांमधली फट गाभा आणि कवच यांच्या सीमेवर एका रेषेत येते, आणि गाभा फिरतो. एका पिनेची उंची अर्ध्या मिलिमीटरने चुकली तरी तो अडतो. पाच पिना आणि प्रत्येकीच्या सहा उंची धरल्या, तर हिशेबाने ७,७७६ वेगवेगळ्या किल्ल्या होतात. काही जुळण्या बनवता येत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा त्याहून कमी असतो.

म्हणजे कोणती किल्ली चालणार, हे फक्त त्या पिना ठरवतात. दाराच्या जाडीत बसवलेली लोखंडी पेटी, बाहेर येणारा बोल्ट, हँडल आणि त्याची पट्टी यांचा किल्लीच्या ओळखीशी संबंध नसतो. कसबी कारागीर गाभा बाहेर काढून पिनांचा क्रम बदलतो आणि त्याच कुलपाला नवी किल्ली चालू करून देतो. अमेरिकेत ही पद्धत रूढ आहे. आपल्याकडे असं करून देणारे कारागीर मोजके, त्यामुळे पूर्ण सिलिंडरच बदलणं जास्त सोयीचं पडतं.

कोणत्या दारावर काय बदलायचं?

दाराच्या जाडीत बसणारं, हँडलच्या लांब पट्टीखाली किल्लीचं भोक असलेलं कुलूप म्हणजे मॉर्टिस लॉक. त्यात सहसा उभट, पेअरच्या फळाच्या आकाराचा सिलिंडर असतो. तो बदलणं घरच्या घरी जमतं. दार उघडं ठेवा. दाराच्या कडेच्या पट्टीवर, सिलिंडरच्या समोर एक लांब स्क्रू असतो, तो काढा. किल्ली घालून किंचित फिरवा, म्हणजे सिलिंडरच्या मधला बाहेर आलेला दाता आत जाईल, आणि सिलिंडर अलगद ओढून घ्या. बाजारात जाण्याआधी त्या स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर मोजा. ३०-३० मिलिमीटर असेल तर तो ६० चा सिलिंडर, ३५-३५ असेल तर ७० चा. जुना सिलिंडरच हार्डवेअरच्या दुकानात दाखवला तर चुकीला जागा राहत नाही. नवा सिलिंडर बाहेरच्या पट्टीपुढे दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावता कामा नये. डोकावणारा भाग पकडीत धरून तोडता येतो. बसवून झाल्यावर दार उघडं असतानाच सगळ्या किल्ल्या फिरवून पाहा आणि मगच दार लावा.

सिलिंडर घेताना बाहेरून किल्ली आणि आतून फिरवायची मूठ असा प्रकार निवडावा. आग लागली किंवा भूकंपाचा हादरा बसला तर आतल्या माणसाला किल्ली शोधत बसावं लागत नाही. शिवाय दोन्हीकडून किल्लीच्या अनेक सिलिंडरांमध्ये आतल्या बाजूला किल्ली राहून गेली तर बाहेरची किल्ली चालत नाही, ती अडचणही टळते.

नाइट लॅच दाराच्या आतल्या पृष्ठभागावर बसतं आणि त्याचा गोल सिलिंडर दारातून बाहेर डोकावतो. काही नमुन्यांत हा सिलिंडर वेगळा मिळतो आणि आतल्या बाजूचे स्क्रू सोडवून बदलता येतो. काहींत तो पेटीशी जोडलेलाच असतो, तिथे पूर्ण लॅच बदलावं लागतं. त्याच कंपनीचा तोच नमुना घेतला तर जुन्या भोकांत बसतो आणि दाराला नव्याने छिद्रं पाडावी लागत नाहीत. नाइट लॅच नुसतं ओढलं तरी बंद होतं, म्हणून अनेक जण बाहेर जाताना किल्ली फिरवून बोल्ट पूर्ण बाहेर काढत नाहीत. नव्या भाडेकरूला किल्ली देताना मालकाने ते करून दाखवावं.

जुन्या इमारतींत, वाड्यांत, चाळींत आणि गावाकडच्या घरांत कडी-कोयंडा किंवा अल्ड्रॉपला लटकवलेलं कुलूप असतं. ही कुलपं बहुधा पितळी पट्ट्यांच्या, म्हणजे लिव्हरच्या जातीची असतात. आतल्या पट्ट्या बदलत बसण्यापेक्षा नवं कुलूप घेणंच परवडतं. इथे सगळ्यात सरळ मार्ग असा की मालकाने कडी-कोयंडा पक्का ठेवावा आणि कुलूप भाडेकरूने आपलं आणावं. चाळीत ही पद्धत फार जुनी आहे. त्यात कोणाचा गैरसमज होत नाही, आणि किल्ली कोणाकडे आहे हा प्रश्नही उरत नाही.

मुख्य दाराच्या नादात बाकीची दारं विसरू नयेत. लाकडी दाराबाहेरचं जाळीचं दार, स्वयंपाकघरामागची बाल्कनी, तळमजल्याच्या घराचं मागचं दार, बंगल्याच्या फाटकाचं कुलूप, टपालपेटी हे सगळं यादीत असावं. टपालपेटी क्षुल्लक वाटते, पण बँकेची पत्रं आणि कार्डं तिच्यातच पडतात. सोसायटीच्या गेट-ॲपमधून जुन्या भाडेकरूचं नाव आणि गाडीचा टॅगही त्याच दिवशी काढायला सांगावं.

आकडे दाबून किंवा बोटाच्या ठशाने उघडणारी डिजिटल कुलपं आता भाड्याच्या घरांतही दिसू लागली आहेत. त्यांचा मोठा फायदा हा की सिलिंडर विकत न घेता ‘किल्ली’ बदलता येते. पण नुसता आकडा बदलून भागत नाही. जुने ठसे, कार्डं, मोबाइलवरची जोडणी आणि तात्पुरते दिलेले कोड हे सगळं पुसावं लागतं. त्यासाठी कुलूप कारखान्यातून आलं तशा मूळ स्थितीत नेऊन नव्याने नोंदणी करणं उत्तम. मूळ स्थितीत नेलं की कंपनीने घातलेला प्राथमिक मास्टर कोड परत लागू होतो. तो माहितीपत्रकात छापलेला असतो, म्हणून लगेच बदलावा. आणि बॅटरी संपल्यावर वापरण्यासाठी अनेक डिजिटल कुलपांना एक साधी किल्लीही असते. ती जुन्या भाडेकरूकडे होती का, हे विचारायला बरेच जण विसरतात.

कायदा कुठे बोलतो, कुठे गप्प आहे?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात हा विषय मालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. नवा भाडेकरू राहायला आल्यापासून सात दिवसांच्या आत मालकाने स्वखर्चाने कुलपांना नवी किल्ली करून द्यावी, असं तिथल्या मालमत्ता संहितेत लिहिलेलं आहे. डॅलस किंवा ऑस्टिनला भाड्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबालाही हा हक्क आहे. शिकागो ज्या कुक काउंटीत येतं, तिथे नवा भाडेकरू ताबा घेईल त्या दिवसापर्यंत कुलूप बदलावं लागतं. मालक स्वतः राहतो अशा छोट्या इमारतींना त्यातून सूट आहे. न बदलल्यामुळे चोरी झाली, तर नुकसानीची जबाबदारी मालकावर येते.

आपल्याकडे असा थेट नियम नाही. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. राज्यांनी स्वीकारला तरच तो लागू होतो. त्याच्या परिशिष्टात मालकाने आणि भाडेकरूने करायच्या दुरुस्त्यांची वाटणी आहे. त्यात दारं-कपाटांच्या मुठी आणि कुलपं बदलण्याचं काम, करारात वेगळं ठरलं नसेल तर, भाडेकरूकडे दिलेलं आहे. पण हे झालं वापरताना बिघडलेल्या कुलपाबद्दल. भाडेकरू बदलताना काय करावं, यावर तो काही बोलत नाही.

महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकावर आहे. २८ व्या कलमाप्रमाणे मालकाला घराची पाहणी करता येते, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. ‘घर माझं आहे, माझ्याकडे किल्ली आहे, मी कधीही जाईन’ ही समजूत या कलमात बसत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी, असे आदेश आपल्या शहरांत निघतात आणि मालक त्याप्रमाणे फोटो, आधार, मूळ गावाचा पत्ता, नोकरीचं ठिकाण असं सगळं मागून घेतात. भाडेकरूबद्दल इतकं जाणून घेणाऱ्या मालकाने, या दाराची किल्ली आणखी कोणाकडे आहे, एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर भाडेकरूला द्यायला हवं.

विम्याची बाजूही लक्षात घ्यावी. फौजदारी कायदा किल्लीने केलेल्या प्रवेशालाही घरफोडी म्हणतो. विम्याच्या पॉलिसीत मात्र घरफोडीची व्याख्या वेगळी असू शकते. अनेक पॉलिसींमध्ये बळाचा वापर करून, मोडतोड करून झालेला प्रवेश अशी अट असते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विमा कंपनीच्या प्रकरणात असाच निकाल दिला: पॉलिसीत बळाच्या वापराची अट असेल, तर त्याशिवाय झालेल्या चोरीची भरपाई मागता येत नाही. म्हणजे जुन्या किल्लीने कोणी शांतपणे आत शिरून सामान नेलं, तर पोलीस गुन्हा नोंदवतील, पण विम्याचा दावा अडू शकतो. घरातल्या वस्तूंचा विमा असलेल्या भाडेकरूने पॉलिसीतली ही अट वाचावी.

कुलूप कधी बदलू नये?

कुलूप बदलण्याची योग्य वेळ एकच: आधीच्या भाडेकरूने ताबा परत दिल्यानंतर आणि नव्याला देण्याआधी. घरात सामान असताना, भाडं थकलं म्हणून किंवा मुदत संपली म्हणून मालकाने बाहेरून आपलं कुलूप ठोकणं ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे आणि ती बेकायदा ठरू शकते. मुदत संपूनही घर सोडत नसलेल्या लायसन्सधारकाविरुद्ध भाडे नियंत्रण कायद्याच्या २४ व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. तो रस्ता सोडून एखाद्याला कायदा हातात घेऊन बाहेर काढलं, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या सहाव्या कलमाखाली त्याला सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा लावता येतो, आणि त्या दाव्यात जागा मूळ कोणाच्या मालकीची हा मुद्दा आड येत नाही.

म्हणून आधी ताबा पावती करावी. तारीख, परत मिळालेल्या किल्ल्यांची संख्या, ‘घरात माझं कोणतंही सामान राहिलेलं नाही’ हे वाक्य आणि दोघांच्या सह्या. त्यानंतर रंगकाम, दुरुस्त्या, गिऱ्हाइकांना घर दाखवणं हे सगळं जुन्या कुलपावरच उरकावं. शेवटचा कारागीर बाहेर पडला आणि नवा भाडेकरू यायला एक-दोन दिवस उरले, की सिलिंडर बदलावा. नवं कुलूप आधी बसवलं आणि त्याची किल्ली रंगाऱ्याला दिली, तर सगळा खर्च वाया जातो.

भाडेकरूनेही मालकाला न सांगता कुलूप बदलू नये. आधी विचारावं, लेखी होकार घ्यावा, जुना सिलिंडर जपून ठेवावा आणि घर सोडताना तो परत द्यावा.

खर्च कोणाचा, किल्ली कोणाकडे?

खर्च मालकाने करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण साधं आहे: आधीच्या किल्ल्या मालकाच्या व्यवहारातून बाहेर गेल्या, नव्या भाडेकरूचा त्यात काही संबंध नाही. आयकर कायदाही घरभाड्याच्या उत्पन्नातून पालिकेचा कर वजा केल्यावर ३० टक्के सरसकट वजावट देतो, प्रत्यक्ष दुरुस्ती कितीही झाली असली तरी. एका चांगल्या सिलिंडरला साधारण हजार-दीड हजार रुपये पडतात. घर रंगवण्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे. जुन्या भाडेकरूने किल्ली हरवली असेल किंवा सगळ्या किल्ल्या परत केल्या नसतील, तर तो खर्च त्याच्या डिपॉझिटमधून घेणं रास्त, पण तसं करारात आधी लिहिलेलं हवं.

दोन-तीन घरं भाड्याने देणाऱ्यांसाठी याहून स्वस्त मार्ग आहे. एकाच मापाचा एक जादा सिलिंडर घेऊन ठेवावा. एक घर रिकामं झालं की तो तिथे बसवायचा आणि तिथला काढलेला पुढच्या वेळी दुसऱ्या घराला लावायचा. कोणता सिलिंडर केव्हा कुठे होता, याची वहीत नोंद ठेवावी आणि एकाच घरात तो लगेच परत येऊ देऊ नये. शक्य असेल तर दुसऱ्या इमारतीत हलवावा. सगळ्या खोल्यांना चालणारी एकच मास्टर किल्ली ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. ती एक हरवली की सगळीच दारं उघडी पडतात.

मालकाने जादा किल्ली ठेवावी की नाही, यावरून नेहमी कुरबुर होते. दोन्ही बाजूंना कारण आहे. भाडेकरू गावी गेलेला असताना वरच्या मजल्याचं पाणी झिरपू लागलं किंवा घरातून धूर आला, तर कोणाला तरी आत जावंच लागतं. दुसरीकडे, एकट्या राहणाऱ्या मुलीला आपल्या घराची किल्ली दुसऱ्या कोणाकडे असल्याची जाणीव रात्री झोपू देत नाही. यावर एक उपाय दोघांनाही पटण्यासारखा आहे. जादा किल्ली पाकिटात घालून ते चिकटवावं, जोडावर भाडेकरूने सही करून वर पारदर्शक पट्टी लावावी आणि ते मालकाकडे द्यावं. मालकाने भाडेकरूला फोन करून, शक्यतो सोसायटीतल्या एका सदस्यासमोर, तेही फक्त आणीबाणीत ते उघडावं. घर सोडताना पाकीट जसंच्या तसं दिसलं, तर दोघांचाही एकमेकांवरचा विश्वास वाढतो. आणि रात्रीपुरती काळजी मिटावी म्हणून आतल्या बाजूला, बाहेरून किल्लीने न उघडणारा मजबूत टॉवर बोल्ट आणि साखळी प्रत्येक भाड्याच्या घराला असावी.

हे सगळं करारात चार ओळींत मावतं: ‘ताबा देण्यापूर्वी मुख्य दाराचं कुलूप मालकाने स्वखर्चाने बदललेलं आहे. नव्या कुलपाच्या इतक्या किल्ल्या भाडेकरूला दिल्या आहेत. एक किल्ली सीलबंद पाकिटात मालकाकडे आहे. जादा किल्ली करून घेतल्यास भाडेकरूने मालकाला कळवावं आणि घर सोडताना सर्व किल्ल्या परत कराव्यात. आणीबाणी वगळता मालक पूर्वसूचनेशिवाय घरात प्रवेश करणार नाही.’ एजंटाच्या छापील मसुद्यात या ओळी नसतात, पण नोंदणीपूर्वी त्या घालायला सांगता येतात.

टेक्सासला कायद्याने जे करावं लागलं, ते आपल्याकडे रिवाज म्हणून रुजायला काहीच अडचण नाही. घराला रंग देऊन देणं हा रिवाज कोणत्या कायद्याने आणला नाही. भाडेकरू विचारू लागले आणि मालक देऊ लागले. कुलपाचंही तसंच होऊ शकतं. म्हणून घर बघायला गेल्यावर पाणी किती वेळ येतं, पार्किंग आहे का, या प्रश्नांच्या बरोबरीने, ‘आधीचे गेल्यावर कुलूप बदललं का?’ हेही निःसंकोच विचारावं. आणि ज्यांच्याकडे भाड्याने द्यायला घर आहे, त्यांनी कोणी विचारण्याची वाट न पाहता सिलिंडर बदलावा आणि नव्या किल्ल्या बंद पाकिटातून भाडेकरूच्या हातात द्याव्यात.